फिक्सरच्या ट्रेमधला उंबर

दवाखान्याच्या मागच्या भिंतीत, पाइपाच्या बगलेत
वीतभर उंबर आला होता.
मल्लप्पा गवंडी छिन्नी घेऊन बसलेला.
म्हणाला, "ताई, ह्याला ठिवला तर ह्यो भिंत खातोय."
मी तो एक्स-रेच्या खाकी पाकिटात घालून घरी आणला.
पाकिटावर नाव तसंच: यमुना खैरे, डावा गुडघा.

कुंडीही तिथलीच.
डिजिटल आल्यापासून डार्करूममध्ये झाडू ठेवतात.
फिक्सरचा पांढरा ट्रे माळ्यावर पडून होता;
दहा पाण्यांनी धुतला.
प्लास्टर रूमच्या सुभानने बुडाला चार भोकं पाडून दिली
आणि विचारलं, "यात काय वाफवणार?"

विटेचा चुरा मी पिठाच्या चाळणीने चाळला.
घरात हे अजून कुणाला माहीत नाही.
भाकरी करकरेल म्हणून
पहिला घास मीच घेते.

शेजारच्या पोंक्षेबाई दारातच थबकल्या.
"बोन्साय? घरात? अहो, माणसं खुंटतात."
माझी उंची चार फूट नऊ इंच.
म्हटलं, आता आणखी किती?
त्यांनी खरंच विचार केला.
"आणि उंबर म्हणजे दत्ताचं झाड.
निदान गुरुवारी तरी कात्री लावू नका."
तेवढं मी पाळते.

पहिली फांदी कापली ती बुधवारी.
चीक आला, पांढरा, दाट,
थांबेचना.
बोटाने दाबून धरला,
सुई काढल्यावर कापूस धरतात तसा.

पासोड्या विठोबापाशी मोटार वाइंडिंगवाल्याकडून
तांब्याची तार आणली, पावशेर.
खोडाला वेटोळी घातली, मनासारखा बाक दिला.
तार दोन महिन्यांत सोडायची असते
हे कळलं तेव्हा पाच झाले होते.
सालीत रुतली होती.
प्लेट काढायला उशिरा आलेला पेशंट
ओरडतो तरी.
हा गप्प.
पंचवीस वर्षं मी माणसांना सांगत आले,
हलू नका. श्वास घ्या. रोखा.
इतकं कुणी पहिल्यांदाच ऐकलं,
आणि मला ते आवडलं नाही.

अपराधी वाटलं की मी पाणी घालायचे.
सकाळी कॉर्पोरेशनचं, संध्याकाळी बोअरचं;
ट्रेच्या कडेला क्षारांची रेघ चढत गेली.
पानं पिवळी झाली, मग गळाली,
आधी आमच्या गॅलरीत,
मग वाऱ्याने पोंक्ष्यांच्या.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात
एक गृहस्थ, कानटोपी, गळ्यात भिंग,
चाळीस वर्षांच्या चिंचेशेजारी खुर्ची टाकून बसलेले.
मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तारेसकट.
"रोज पाणी घालता?"
हो.
"का?"
एवढंच. आणि पुढच्या माणसाकडे वळले.
बसमध्ये स्वारगेटपर्यंत
मी उत्तर जुळवत होते.

आता पाणी नाही, आधी बोट घालते,
दुसऱ्या पेरापर्यंत.
ओल लागली तर नुसतीच बसते स्टुलावर.
समोर आजारी कुणीतरी
आणि आपण काहीच करायचं नाही,
याचं ट्रेनिंग आम्हाला दिलेलं नाही.

सोळा दिवस एक कोंब नाही.
सतराव्या दिवशी, रविवार होता,
तारेच्या वळाखाली खोड नखाने खरवडलं,
तांदळाएवढं.
फिल्म उजेडाला धरावी तशी
मान तिरकी करून पाहिलं.

आत हिरवं.
ओलं, पोपटी.
विटलेल्या ब्लाउजच्या शिवणीत
मूळचा रंग उरतो ना, तसं.

किती वेळ श्वास रोखून होते कुणास ठाऊक.
आतून हाक आली,
"कुकरच्या किती झाल्या?"

मी मोजल्याच नव्हत्या.